कॅडबरी विकली गेली, तेव्हा चवही विकली गेली का?

मराठीत एक गंमत आहे. लिमलेटची गोळी, पेपरमिंट, रावळगावची टॉफी, शाळेत वाढदिवसाला वाटतात ते काहीही, या सगळ्याला आपण 'चॉकलेट' म्हणतो. आणि जे खरोखर चॉकलेट असतं त्याला म्हणतो 'कॅडबरी', मग ते कुठल्याही कंपनीचं असो. एखाद्या ब्रँडचं नाव इतकं घरचं होऊन जातं, तेव्हा त्याची चव जराशी बदलली तरी माणसाला फसवल्यासारखं वाटतं. "डेअरी मिल्क आता पूर्वीसारखी लागत नाही" अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेली असेल. खाली शेकडो लोक "अगदी खरं" म्हणतात आणि कुणीतरी हमखास लिहितो, "अमेरिकन कंपनीने विकत घेतल्यापासून वाट लागली."

यात खरं किती आणि आठवणींचा गोडवा किती, ते बघूया. सुरुवात करू लोणावळ्यापासून.

शनिवार-रविवार तुंगार्लीच्या बंगल्यांमध्ये मुक्कामाला आलेली मंडळी परत जाताना चिक्की आणि फज घेऊन जातात. पण येताना मुलांना गप्प बसवायला गाडीत असते ती कॅडबरीच. तिचा एक मोठा कारखाना याच मावळ तालुक्यात आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी तळेगावजवळच्या ज्या इंदुरी गावाशेजारून वाहते, त्या इंदुरीत. तिकडे ठाण्यात तर एका चौकाचं नावच 'कॅडबरी जंक्शन' आहे. रिक्षावाल्याला कंपनीचं खरं नाव सांगून बघा, पोहोचणार नाही. कारण कॅडबरी इंडिया नावाची कंपनी २०१४ पासून कागदोपत्री नाहीच. त्या वर्षी एप्रिलमध्ये तिचं नाव 'मॉन्डेलीझ इंडिया फूड्स' झालं. वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते छापलेलं असतं.

मग हे मॉन्डेलीझ आलं कुठून?

जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये दुकान टाकलं. डेअरी मिल्क आली १९०५ मध्ये. भारतात कंपनी आली १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर वर्षभरात. इथवर सगळं निवांत होतं. ७ सप्टेंबर २००९ रोजी अमेरिकेतल्या क्राफ्ट फूड्स या अवाढव्य कंपनीने कॅडबरी विकत घ्यायची बोली जाहीर केली. क्राफ्टची ओळख मुख्यतः चीजसाठी. कॅडबरीच्या संचालकांनी आधी नाक मुरडलं, मग भाव वाढला, आणि जानेवारी २०१० मध्ये प्रति शेअर ८४० पेन्सवर होकार दिला. एकूण सौदा साधारण साडेअकरा अब्ज पौंडांचा.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. होकार देणारे भागधारक कोण होते? बोली जाहीर झाल्यावर भाव चढणार हे ओळखून अनेक फंडांनी कॅडबरीचे शेअर उचलले होते. त्यांना चॉकलेटशी घेणंदेणं नव्हतं, चार पेन्स जास्त मिळाले की पुरे. इंग्लंडमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. चॉकलेट खाणाऱ्याला अर्थातच कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही.

आणि लगेच पहिला धक्का बसला. ब्रिस्टलजवळ कीन्शमला कॅडबरीचा सॉमरडेल हा जुना कारखाना होता. तो बंद करायचं कॅडबरीनेच आधी ठरवलं होतं. बोली लावताना क्राफ्ट म्हणाली, आम्ही तो चालू ठेवू. सौदा झाल्यावर आठवडाभरातच सांगितलं, जमणार नाही. काम पोलंडला गेलं, कारखाना २०११ मध्ये बंद पडला. ब्रिटनमध्ये अशा सौद्यांवर नजर ठेवणाऱ्या टेकओव्हर पॅनेलने क्राफ्टची जाहीर कानउघाडणी केली आणि पुढे नियमही कडक केले. २०१२ मध्ये क्राफ्टने आपले दोन भाग केले आणि चॉकलेट-बिस्किटांचा भाग 'मॉन्डेलीझ' या नव्या नावाखाली गेला. आपण जी कॅडबरी खातो ती आता यांची.

पण चव बदलली का?

ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये डेअरी मिल्कच्या चौकोनी वड्यांचे कोपरे गोल केले आणि बार ४९ ग्रॅमवरून ४५ ग्रॅमवर आला. किंमत तीच. लोक म्हणाले, चव जास्त गोड झाली आहे, काहीतरी बदललंय. कंपनी म्हणाली, कृतीला हातही लावलेला नाही, फक्त आकार बदलला. इथे एक मजेदार शक्यता आहे: दोघंही खरं बोलत असतील. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी आकार आणि चव यांच्या नात्यावर बराच अभ्यास केलाय. गोल आकाराशी आपला मेंदू गोडी जोडतो, टोकदार आकाराशी कडूपणा. म्हणजे घटक तेच ठेवूनही जिभेला वेगळं लागू शकतं. तेव्हा 'चव बदलली' या प्रत्येक तक्रारीमागे कारस्थान असेलच असं नाही.

पण २०१५ मध्ये जे झालं ते भास नव्हतं. ईस्टरला विकली जाणारी कॅडबरीची क्रीम एग म्हणजे ब्रिटिशांच्या बालपणाचा तुकडा. तिचं कवच डेअरी मिल्कचं असायचं. त्या जानेवारीत कळलं की आता ते साध्या कोको मिश्रणाचं असेल. शिवाय सहाचं खोकं पाचाचं झालं. कंपनीने सांगितलं की कवच डेअरी मिल्कचंच असेल असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. कायद्याने बरोबर असेल, पण असं उत्तर ऐकून कुणाचा राग गेलाय?

आता याच्या उलट गोष्ट. न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये डेअरी मिल्कमधलं काही कोको बटर काढून त्याजागी पाम तेल घातलं गेलं आणि २५० ग्रॅमचा बार २०० चा झाला. लोक चिडले. ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयाने पाम तेलासाठी होणाऱ्या जंगलतोडीचं कारण देऊन आपल्याकडे कॅडबरी विकणं थांबवलं. प्रतिस्पर्धी व्हिटाकर्सचा खप वाढला. ऑगस्टमध्ये कॅडबरीने माघार घेतली, कोको बटर परत आलं. तारखा नीट बघा: हे सगळं क्राफ्टची बोली जाहीर होण्याच्या आधीचं आहे. पाम तेल घालणारी कॅडबरी ती 'जुनी चांगली' ब्रिटिश कॅडबरीच होती.

म्हणजे दोष फक्त नव्या मालकाचा नसतो. कच्चा माल महागला की मोह सगळ्यांनाच होतो. विकत घेणाऱ्यावर मात्र सौद्यासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा असतो, वर भागधारकांना दिलेलं खर्च कापायचं वचन. क्राफ्टने हा सौदा बऱ्याच अंशी कर्ज काढूनच केला होता. आणि चॉकलेटमध्ये कापण्यासारखी सगळ्यात महाग गोष्ट कुठली? कोको बटर.

कोको बटर महाग असण्याचं कारण तोंडातच आहे. ते साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपलं शरीर असतं ३७ अंशांवर. म्हणून चॉकलेट हातात घट्ट आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. दुसरी वनस्पती तेलं घातली की हा मेळ बिघडू शकतो आणि टाळूला मेणासारखा पातळ थर राहतो. 'पूर्वीसारखं लागत नाही' म्हणणाऱ्या माणसाला बऱ्याचदा हेच म्हणायचं असतं, शब्द सापडत नाही इतकंच. शिवाय २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक बिघडलं आणि कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास होता. ब्रिटनमधल्या पेंग्विन आणि क्लब या बिस्किटांत कोको इतका कमी केला की २०२५ मध्ये त्यांच्यावरचा 'चॉकलेट' शब्द गेला आणि 'चॉकलेट फ्लेवर' आला. ती बनवणारी कंपनी २०१४ मध्ये तुर्की उद्योगसमूहाने घेतलेली आहे.

हा 'फ्लेवर' शब्द लक्षात ठेवा. चव गुपचूप बदलता येते, वेष्टनावरचा शब्द गुपचूप बदलता येत नाही. आपल्याकडे पूर्वी चॉकलेटमध्ये कोको बटर सोडून दुसरं वनस्पती तेल चालत नसे. नंतर एफएसएसएआयने नियम बदलले आणि ५ टक्क्यांपर्यंत ते घालायला परवानगी दिली, पण वेष्टनावर तसं लिहिण्याच्या अटीवर. म्हणून भांडायचं असेल तर आधी वेष्टन उलटं करा. घटक जास्तीपासून कमीकडे असे क्रमाने लिहिलेले असतात. पहिला शब्द बहुतेक वेळा 'साखर' असतो, ते बघून दचकू नका. खाली तेलाचा उल्लेख आहे का बघा. मग प्रतिग्रॅम किंमत बघा. दहा रुपयांचं पाकीट दहालाच राहतं आणि आतले ग्रॅम घटतात, ही युक्ती तिथे उघडी पडते.

एक इशारा परदेशातल्या नातेवाइकांबद्दल. लंडनहून मावशीने आणलेली कॅडबरी आणि किराणा दुकानातली कॅडबरी यांची तुलना करून 'भारतात आपल्याला हलकं देतात' असं म्हणणं सोपं आहे. पण या एका नावाखाली देशोदेशी वेगळी कृती चालते. आपल्या उन्हात टिकायचं तर ते वेगळं असावंच लागतं. अमेरिकेत तर ही कॅडबरी मॉन्डेलीझची नसतेच. तिथे ती १९८८ पासून परवान्यावर हर्शी बनवते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ब्रिटिश कॅडबरी आणून खाणारे बरेच होते. २०१५ मध्ये हर्शीने आयातदारांशी न्यायालयाबाहेर तडजोड करून ब्रिटनमध्ये बनलेली कॅडबरी आणणं थांबवलं. चव तिथेही नावापेक्षा लहान ठरली.

सौद्यात नेमकं काय विकलं जातं?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्या घरचं आहे. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव. वालचंद हिराचंद यांनी तिथे साखर कारखाना काढला, १९४२ पासून गोळ्या सुरू झाल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे सगळे ब्रँड रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २७ कोटी रुपयांना घेतले. काय घेतलं? नावं, बोधचिन्हं आणि कृती. काय नाही घेतलं? जमीन, इमारत, यंत्रं. ती जुन्या कंपनीकडेच राहिली. म्हणजे 'रावळगाव' शब्द आता रावळगावातच बनला पाहिजे असं काही नाही. २७ कोटी ही आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणींची किंमत म्हणायची तर मुंबईतल्या एखाद्या आलिशान फ्लॅटएवढी. मला ती बातमी वाचून खट्टू व्हायला झालं होतं, हे कबूल.

त्या करारात तुम्ही-आम्ही कुठेच नसतो. पान पसंद १९८५ मध्ये जशी लागायची तशीच लागेल अशी अट कुणी घालत नाही. ग्राहक कायद्यातही नाही. पाकिटावर ४० ग्रॅम लिहून ३६ भरले किंवा अळी निघाली तर तक्रार होते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. महाराष्ट्राने ते २००३ मध्ये पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या, एफडीएने हालचाल केली, खप कोसळला, आणि कॅडबरीला नवं दुहेरी वेष्टन आणून अमिताभ बच्चन यांना पुढे करावं लागलं. पण 'आता मजा येत नाही' हा दोष कुठल्याच कलमात बसत नाही.

मग लोकांच्या हातात काय उरतं? १९९३ चा सौदा आठवा. कोका-कोलाने रमेश चौहान यांच्या पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा घेतले. कोकला इथे जागा करायची तर थम्स अप हळूहळू मागे सारायचं, असा रोख होता. पण पिणारे कोककडे वळेनात, जोरदार झणका हवा म्हणून थम्स अपच मागत राहिले. शेवटी कंपनीने थम्स अपवरच पैसे लावले, आणि २०२१ मध्ये तो भारतातला त्यांचा अब्ज डॉलरचा ब्रँड झाला. अलीकडचं उदाहरण बोर्नव्हिटाचं. एप्रिल २०२३ मध्ये साखरेवरून एक व्हिडिओ व्हायरल झाला, कंपनीने करणाऱ्याला कायदेशीर नोटीस पाठवली, त्याने व्हिडिओ काढला. वाद मात्र थांबला नाही. डिसेंबरपर्यंत वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आली होती. ही कंपनी तीच, मॉन्डेलीझ.

त्याच १९९३ च्या यादीत गोल्ड स्पॉटही होतं. ते कंपनीच्या फँटाच्या वाटेत आलं. त्याच्यासाठी कुणी दुकानदाराकडे हट्ट धरला नाही आणि काही वर्षांत ते दिसेनासं झालं. तुंगार्लीच्या बंगल्यात आज विशीतली मुलं येतात, त्यांनी ते नावही ऐकलेलं नसतं.