आंतड्यांतील जंतु आणि मनाची विषण्णता



घरांतील एखादी हसतमुख स्त्री महिनेच्या महिने उदास राहूं लागली, तिला अन्न गोड लागेना, झोप येईना, म्हणजे आपण तिला काय सांगतों? ‘मन घट्ट कर!’ जणूं विषण्णता हा केवळ मनाचा दुबळेपणा आहे. या समजुतीचा फेरविचार करावयास लावणारी कांहीं माहिती आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

स्त्रीच्या बीजकोशांत इस्ट्राडिओल नांवाचा अंतःस्राव तयार होतो. रक्तावाटें तो मेंदूपर्यंत जातो आणि चित्तवृत्तीवरही परिणाम करतो. त्याचा कांहीं भाग यकृत एका रासायनिक बंधनांत अडकवून पित्ताबरोबर आंतड्यांत सोडतें. तेथील कांहीं जंतु हें बंधन तोडतात, आणि मोकळा झालेला अंतःस्राव पुन्हां रक्तांत शोषला जातो. या परतीच्या वाटेवर जणूं जंतूंची चौकीच बसलेली असते.

आतां चौकीदारच माल फस्त करूं लागला तर? चीनमधील वूहान येथील संशोधकांनीं २०२३ सालीं असाच एक चौकीदार प्रसिद्धीस आणला. मासिक धर्म बंद न झालेल्या, पण विषण्णतेनें ग्रस्त अशा स्त्रियांच्या आंतड्यांतील जंतूंचा त्यांनीं शोध घेतला. त्यांत क्लेब्सिएला एरोजेनीस हा जंतु इस्ट्राडिओलाचा नाश करतो असें दिसून आलें. तो उंदरांना पाजला, तेव्हां त्यांच्या शरीरांतील इस्ट्राडिओल घटलें आणि ते विषण्ण प्राण्यांसारखे वागूं लागले. हा नाश घडविणारें विकर निर्माण करण्याची शक्ति दुसऱ्या एका जंतूंत घालून पाहिली. तरीही तेंच घडलें. विषण्ण स्त्रियांत हा जंतु इतर स्त्रियांपेक्षां अधिक प्रमाणांत आढळला.

परंतु उंदराचें वागणें म्हणजे मनुष्याचें दुःख नव्हे. प्रत्येक विषण्ण स्त्रीच्या पोटांत हा जंतु असतो, असेंही नाहीं. शोक, आनुवंशिकता, दारिद्र्य, एकटेपणा यांचा वांटा मोठाच आहे. म्हणून वैद्यांनीं दिलेलें औषध टाकून केवळ दहींताकावर विसंबणें धोक्याचें ठरेल.

या प्रयोगांपासून घेण्यासारखा बोध साधा आहे. ज्या दुःखाला आपण स्वभावदोष म्हणतों, त्याचें एखादें मूळ शरीरांत, इच्छाशक्तीच्या आवांक्याबाहेर असूं शकतें. तेव्हां अशा माणसाला उपदेश करण्याऐवजीं त्याचा हात धरून त्याला वैद्याकडे न्यावें, हेंच शहाणपणाचें आणि मायेचेंही.