घरांतील पडद्यांची निगा

संस्कृतांत पडद्यास तिरस्करिणी असें एक नांव आहे. झांकणारी ती तिरस्करिणी. तिरस्कार हा शब्दहि त्याच धातूपासून निघाला आहे, आणि आपल्या बहुतेक घरांतील पडद्यांची स्थिति पाहिली म्हणजे हें नातें आम्हांस अगदींच निराधार वाटत नाहीं! वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहात नाहीं. दिवाळी चार दिवसांवर आली कीं ते खसकन् ओढून काढावयाचे, कढत पाण्यांत सोडा घालून बुचकळावयाचे, आणि फाटले म्हणजे धुणारीस बोल लावावयाचा.

वस्तुतः अपराध बहुधा उन्हाचा असतो. आजीबाईंच्या जुन्या शालूचा पडदा करण्याची हौस पुष्कळ घरांत दिसते. तो पश्चिमेच्या खिडकीस टांगला म्हणजे उन्हांतील अतिनील किरणांनीं रेशमाचा तंतु हळूहळू निःसत्त्व होतो. वरून पडदा धड दिसतो. परंतु पाणी लागतांच त्याच्या चिंध्या होतात, आणि घरची सून बिचारी विनाकारण अपराधी ठरते. असा पडदा आंतल्या दारासच शोभतो. खिडकीसच लावावयाचा असेल, तर उन्हाच्या बाजूस जाड सुती अस्तर द्यावें व तें फाटलें कीं बदलावें.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत रेशमाची शुद्धि खाऱ्या मातीनें व कुतप नांवाच्या कांबळ्यांची रिठ्यानें सांगितली आहे. आम्ही मात्र रेशमासहि रिठाच सुचवूं. रेशीम हें प्राणिज असून क्षारानें झिजतें. सोडा त्यास वर्ज्य. रिठे रात्रीं भिजत घालावे, सकाळीं त्यांचें पाणी गाळून घ्यावें, पडदा त्यांत हलक्या हातानें दाबावा आणि सावलींत वाळवावा. पिळूं मात्र नये. ओलें रेशीम दुबळें असतें. सुताचें याच्या उलट आहे. तें ओलें असतां अधिकच बळकट होतें. खऱ्या जरीचा पडदा घरीं न धुणेंच बरें.

धुळीची गोष्ट सोपी आहे. आठवड्यांतून एकदां मऊ कुंच्यानें पडदा वरून खालीं झाडावा. घरांत दम्याचा रोगी असेल तर मात्र हा विषय केवळ टापटिपीचा राहात नाहीं. धुळींत डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव वाढतात व त्यांच्या विष्ठेनें अनेकांचा दमा बळावतो. ६० अंश सेल्सिअस उष्ण पाण्यांत ते मरतात. म्हणून रोग्याच्या खोलींत पक्क्या रंगाचे सुती पडदेच असावेत, आणि झाडतांना त्यास दुसऱ्या खोलींत बसवावें.

सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, तेव्हां शिवण्यापूर्वींच तें भिजवून वाळवावें.

ओला पडदा चांगलाच जड होतो. तो उतरविणें व चढविणें घरांतील तरुण मुलांकडे सोंपवावें. तेवढ्यानें त्यांच्या अभ्यासाची हानि होत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. सुती पडदा किंचित् दमट असतांनाच दांडीवर चढवावा, म्हणजे स्वतःच्या भारानेंच त्याच्या सुरकुत्या उतरतात व इस्त्रीचें काम वांचतें.