आभाळातला दगड आणि गावकऱ्यांची साक्ष

पावसाळा सरल्यावर आमच्या अलिबागच्या वस्तीतील सातवीतली एक मुलगी किनाऱ्यावरून काळा, जड दगड घेऊन घरी आली. "काका, हा आभाळातून पडला असेल का?" शाळेत तिला कुणीसे हसले होते. शेजारच्या आळीतील आजी तर दगडाला हात जोडून गेल्या. मी बी.कॉम. झालेला कारकून, आकडे कळतात, दगड नाही. म्हणून वाचून काढले. वाचक बंधुभगिनींनो, ते आपल्यापुढे ठेवतो.

तारा तुटला असे आपण म्हणतो, पण तारा तुटत नसतो. अवकाशातला खडा प्रचंड वेगाने हवेत शिरतो आणि तापून पेटतो, ती उल्का. त्यातून उरून जमिनीवर पोहोचतो तो अशनी. आपल्याच राज्यात, नागपूर जिल्ह्यातील काटोलला, 22 मे 2012 रोजी भरदुपारी मोठा आवाज झाला आणि आजूबाजूला दगड पडले. लोकांनी ते वेचले; एकूण सुमारे 13 किलो जमा झाले.

पुढे खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी त्यातला तुकडा तपासला. त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात हे खनिज विपुल आहे, पण 660 किलोमीटरहून खोल! तेथवर माणसाचे कोणतेही यंत्र पोचलेले नाही. मग ते काटोलच्या दगडात कुठून आले? अवकाशात दगडांची जबर टक्कर झाली, त्या दाबाने ते क्षणात घडले. पृथ्वीच्या पोटातली गोष्ट आभाळातून हाती आली.

आभाळातून दगड पडतात, हे पूर्वी मोठमोठे विद्वानही मानत नसत. 1803 साली फ्रान्समधील लेग्ल गावाभोवती तीन हजारांवर दगड पडले. बिओ नावाचा तरुण शास्त्रज्ञ तेथे गेला, गावोगाव फिरून साध्या माणसांच्या साक्षी घेतल्या, दगड पाहिले आणि अहवाल दिला. मग हसणारे गप्प झाले.

आता आमचा दगड. ताज्या अशनीवर बहुधा पातळ, काळे, जळके कवच असते, आत बुडबुड्यांची भोके सहसा नसतात आणि बहुतेकांना लोहचुंबक चिकटतो. आमच्या दगडाला चुंबक लागला, पोरीने उडीच मारली! पण आपल्या किनाऱ्यावरची काळी वाळूही चुंबकाला चिकटते, आणि कोकणचा काळा कातळही थोडाफार ओढला जातो. फुटक्या कडेला भोकेच भोके दिसली. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, इथलाच दगड तो.

कुणाला खरोखर संशयास्पद दगड पडताना दिसलाच, तर तो धुऊ नये, हातोड्याने फोडू नये. कागदात गुंडाळून जागा, तारीख, वेळ लिहावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याला कळवावे.

मुलगी थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "शास्त्रज्ञ भेटतात कुठे?" पुण्याला विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिचे दरवाजे सर्वांना उघडण्याची तेथे प्रथा आहे. वस्तीतली आणखी चार मुले यायची म्हणतात. पुण्याच्या एस.टी.चे अर्धे तिकीट किती, ते डेपोत विचारून आलो आहे.