हात दुबळा, मांड पक्की

हिवरे बाजारच्या शिवारात चराईबंदी आहे. गवत कापून न्यायचे, जनावर मोकळे सोडायचे नाही. पण तिथून फार लांब नसलेल्या पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरी भागातले धनगर पावसाळा सरला की मेंढरे घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. हे घोडे बुटके आणि काटक. भीमा-नीरेच्या खोऱ्यांत वाढलेली ही भीमथडी जात एके काळी मराठ्यांच्या घोडदळात होती. त्यांच्यावर ओझे लादताना नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. एका अंगाला भांड्यांचे गाठोडे बांधले की दुसऱ्या अंगाला तेवढ्याच वजनाचे काही तरी बांधावे लागते. ओझे जड की हलके हा प्रश्न नंतरचा. दोन्हीकडे सारखे आहे ना, हा पहिला.

हाच प्रश्न स्वाराच्या हातांना लावून पाहू. पोलिओमुळे, जन्माच्या वेळी खांद्याच्या नसा ताणल्या गेल्यामुळे किंवा अर्धांगवायूमुळे एखाद्याचा एक हात दुबळा राहतो. अशा माणसाला घोडा चालवता येईल का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येते; एवढे मोठे जनावर आवरायला मनगटात जोर हवा, असे आपण धरून चालतो. पण जोरावरच गोष्ट असती, तर पैलवानसुद्धा हरला असता. साठ-सत्तर किलोचा माणूस अडीच-तीनशे किलोच्या जनावराला ओढून थांबवू शकत नाही. लगाम हा दोर नाही, निरोप आहे.

तो निरोप पोचतो कुठे? घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जबड्याचा एक भाग दातांविना मोकळा असतो. लगामाचे कडियाळे तिथे, हिरडीवर आणि जिभेवर टेकते. ही जागा फार हळवी असते. सरावलेल्या स्वाराच्या लगामातला ताण मोजला, तर तो बऱ्याचदा १० ते २० न्यूटन, म्हणजे एक-दोन किलो वजन हाती धरावे इतकाच भरतो. निरोगी प्रौढ माणसाच्या मुठीची पकड याच्या कितीतरी पट असते. तेव्हा दुबळ्या हातातही लागणारा जोर पुष्कळदा शिल्लक असतो.

अडचण असते ती फरकाची. कडियाळे १२ सेंटीमीटर रुंद आहे असे समजू. दोन्ही टोकांना २०-२० न्यूटन ताण दिला, तर मध्याभोवतीची दोन्ही परिबले एकमेकांना खोडतात आणि डोके सरळ राहते. आता उजवीकडे १४ आणि डावीकडे १० न्यूटन ताण द्या. एकूण ओढ कमी झाली, तरी ४ गुणिले ६, म्हणजे २४ न्यूटन-सेंटीमीटर परिबल उरते आणि डोके उजवीकडे वळू लागते. स्वाराला वळायचे नसते. पण धडधाकट हात नकळत दुबळ्याची भरपाई करत असतो. असे रोज घडले की घोडा त्या बाजूच्या ओढीकडे लक्ष देणेच सोडतो. मग स्वार आणखी जोराने ओढतो, आणि दोष घोड्याच्या माथी मारला जातो!

यावर दुबळ्या हाताचा व्यायाम हा एक मार्ग आहे, पण तोच एक नव्हे. लगामाला ठरावीक अंतरावर फासे शिवले, तर मूठ घट्ट आवळावी लागत नाही. फाशात बोटे अडकवली की पुरते. (लगाम मनगटाला गुंडाळणे मात्र घातक. स्वार पडला, तर फरफटत जाईल.) दोन्ही लगाम एका आडव्या दांडीला जोडले, तर एकच हात दोन्हीकडे सारखा ताण देऊ शकतो.

एकहाती स्वारी आपल्याकडे नवी नाहीच. भालाईत स्वाराच्या उजव्या हातात भाला असे. दोन्ही लगाम डाव्या हातात. या पद्धतीत तोंड ओढायचे नसते. हात डावीकडे नेला की उजवा लगाम मानेला टेकतो आणि घोडा त्या स्पर्शापासून दूर, डावीकडे वळतो. यात यंत्रशास्त्र थोडे, शिकवण जास्त: घंटा ऐकून लाळ गाळणाऱ्या पावलॉवच्या कुत्र्याचेच हे भावंड. हात फार लांब नेला तर मात्र बाहेरचा लगाम ताणला जाऊन तोंड उलट दिशेला फिरते, म्हणून हालचाल चार बोटांचीच हवी.

उरलेले काम मांडीचे, टाचेचे आणि कमरेचे. मराठीत यासाठी ‘मांड’ हा नेमका शब्द आहे. दुबळ्या हाताचा माणूस नकळत एका बाजूला कलतो, त्याचे वजन एकाच नितंबावर येते आणि घोडा तिरका चालू लागतो, धनगराच्या ओझ्यासारखेच. त्यामुळे हाताआधी बैठक तपासावी.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले, हातांचे बळही घटले. घोड्यावर चढाउतरायला त्यांना मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घेण्याच्या स्पर्धेत, त्यांनी रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी प्रथम या प्रकारात स्त्रियांना पुरुषांबरोबर उतरू दिले गेले होते. १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्येही ड्रेसाज आहे. तिथे जर्मनीच्या बेटिना आयस्टेल, ज्यांना जन्मतः हात नाहीत, लगाम दातांत धरून खेळल्या आणि २००४ साली अथेन्सला पदके घेऊन गेल्या. झाशीच्या राणीच्या चित्रांत आपण तोंडात लगाम पाहतो, तेव्हा ती चित्रकाराची हौस वाटते.

वर्गात घोडा आणणे अवघड. पट्टी मात्र असतेच. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोरे बांधा आणि प्रत्येक दोऱ्याला एक स्प्रिंग-काटा अडकवा. एका विद्यार्थ्याने डोळे मिटून पट्टी मधोमध चिमटीत धरावी. दुसऱ्याने आधी दोन्ही काटे सारखे वाढवत न्यावेत, मग एकच किंचित वाढवावा. कोणता बदल हाताला आधी कळतो, ते तिसऱ्याने लिहून ठेवावे. खऱ्या घोड्यावर बसायची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना विचारावे, शांत जनावर निवडावे आणि पहिले काही दिवस कासरा दुसऱ्याच्या हातात असू द्यावा.