दोन कानांचे प्रयोजन

‘एका कानाने नीट ऐकू येते, मग दुसऱ्या कानाच्या श्रवणयंत्रावर खर्च कशासाठी?’ असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक व काही देणगीदारही विचारतात. त्याचे उत्तर मेंदूच्या कार्यपद्धतीत आहे.

उजवीकडचा आवाज उजव्या कानावर आधी व डाव्या कानावर किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका असतो. अनुकूल परिस्थितीत मनुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकही ओळखू शकतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातील विशिष्ट पेशी दोन्ही कानांच्या संदेशांची वेळ, खतावणीतील नोंदी ताडाव्यात त्याप्रमाणे, ताडून पाहतात व त्यावरून दिशा ठरते. लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये या रचनेची कल्पना मांडली. पुढे घुबडाच्या मेंदूत तिला पुष्टी मिळाली. मानवी मेंदूतील तपशिलांविषयी मात्र अद्याप मतभेद आहेत.

एकच कान कार्यरत असल्यास हा ताळा जमत नाही. वाहन कोणत्या बाजूने येत आहे हे चटकन उमगत नाही. गजबजलेल्या वर्गात शिक्षकांचे शब्द मुलाच्या हातून निसटतात. म्हणून श्रवणतज्ज्ञांनी सुचविलेले दुसरे यंत्र ही चैन नव्हे, गरज आहे. त्यासाठी दिलेली देणगी रुग्णाला सुरक्षितता व शिक्षण देते, याची दात्यांनी कृपया नोंद घ्यावी.