प्लॉट स्वस्त, पेट्रोल महाग!

मित्रांनो, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा मिक्स आहे, सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

मी धर्माबादची. आमच्या घरापासून स्टेशन, शाळा, किराणा दुकान सगळं पायी. आजोबांनी आयुष्यभर गाडी घेतली नाही, कारण गरजच पडली नाही. आता बाबांना गावापासून पाच किलोमीटरवर स्वस्तात प्लॉट मिळतोय. दिवाळीच्या सुट्टीत घरात हीच चर्चा. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, म्हणून वहीवर हिशोब मांडला.

वाहनांचं उत्सर्जन म्हणजे काय? फेऱ्या गुणिले अंतर गुणिले दर किलोमीटरचा धूर. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला ५० किलोमीटर चालणारी बाईक रोज जाऊन-येऊन १० किलोमीटर पळाली, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ६० लिटर पेट्रोल आणि १३८ किलो कार्बन डायऑक्साइड! हे फक्त एका बाईकचं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यामुळे प्रत्येक गाडीचे विषारी वायू कमी झाले, छान झालं. पण इंजिन कितीही सुधारलं तरी अंतर कमी होत नाही. अंतर ठरतं ते नकाशावर. घर कुठे, ऑफिस कुठे, बाजार कुठे, यालाच लॅन्ड यूज प्लॅनिंग म्हणतात.

आपल्या राज्यातलं मोठं उदाहरण नवी मुंबईचं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. राहायचं तिथेच काम मिळावं, मुंबईकडे धावावं लागू नये, ही कल्पना. पण सरकारी कचेऱ्या आणि मोठी ऑफिसं दक्षिण मुंबईतच राहिली. लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडं! तरी एक गोष्ट बरोबर केली. रेल्वेसाठी जागा आधीच राखली आणि वाशी स्टेशनच्या वरच ऑफिसं बांधली. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजारही वाशीला आणला, म्हणून ते ट्रक जुन्या मुंबईच्या गर्दीत शिरत नाहीत.

आता आमच्याकडे या. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने प्रादेशिक योजना करता येते, पण ती राज्याच्या सीमेवर थांबते. आमचं जाणं-येणं मात्र थांबत नाही. १९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. आजही रेल्वेचा रूळ एकच आहे. एकीकडे उमरी, मुदखेड, नांदेड, तर दुसरीकडे बासर, निजामाबाद. दोन्ही राज्यांनी मिळून दवाखाने, कॉलेजं, मार्केट यार्ड या स्टेशनांजवळ आणले आणि बसच्या वेळा गाडीला जुळवल्या, तर किती बाईक घरीच राहतील, विचार करा! खर्च रुळाचा नाही, फक्त एकत्र बसून ठरवण्याचा आहे.

हॉस्टेलच्या मित्र-मैत्रिणींनो, आपण उठतो, चप्पल घालतो, लेक्चरला पोचतो. पेट्रोल शून्य. हे आपलं पुण्य नाही, कॅम्पसचा नकाशा काढणाऱ्याचं आहे. उद्या आपल्यापैकी कोणीतरी गावाचा नकाशा काढेल. तेव्हा आधी अंतर मोजा.

बाबांनी वही दोनदा वाचली. प्लॉटचं टोकन अजून दिलेलं नाही.