रक्त थांबले म्हणजे आजार गेला का? अल्सरेटिव्ह कोलायटिसचे मोजमाप समजून घेऊ

“आता रक्त पडत नाही, म्हणून गोळ्या बंद केल्या.” वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांकडून आम्ही हे वाक्य वारंवार ऐकतो. त्यातले काही जण चार-सहा महिन्यांत पुन्हा खालावलेल्या अवस्थेत समोर येतात. आजार खरोखर शांत आहे की फक्त दबलेला आहे, हे कशावरून ठरते? रुग्णाला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यालाही हे माहीत असले पाहिजे.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि वर पसरत जाऊ शकते. अस्तराला जखमा होतात, त्यातून रक्त आणि आव पडते. आजार संसर्गाचा नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. बऱ्याचदा तो ऐन तरुणपणी सुरू होतो. आपल्याकडे शौचातून रक्त म्हटले की मूळव्याध ठरवून लोक मोकळे होतात आणि कित्येक महिने मलमात जातात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आजार किती सक्रिय आहे हे मोजण्यासाठी डॉक्टर बहुधा मेयो स्कोअर वापरतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका औषधचाचणीतून तो आला. त्यात चार गोष्टी पाहतात : शौचाच्या खेपा, रक्त, दुर्बिणीतून दिसणारे अस्तर आणि डॉक्टरांचा एकंदर अंदाज. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण १२. बेरीज २ किंवा त्याहून कमी आणि कोणत्याही एका बाबीत १ पेक्षा जास्त गुण नसतील, तर आजार शांत, म्हणजे रेमिशनमध्ये, असे सर्वसाधारणपणे धरतात. दुर्बीण वगळून उरलेल्या तीन बाबींचा ९ गुणांचा छोटा स्कोअरही नेहमीच्या भेटीत चालतो.

इथे एक बारकावा आहे. खेपा मोजताना तुलना त्या माणसाच्या आजारापूर्वीच्या सवयीशी करायची असते. पूर्वी दिवसातून एकदा जाणारा आता तीनदा जात असेल, तर दोन खेपा जास्त, म्हणजे १ गुण. पाच किंवा त्याहून जास्त खेपा वाढल्या तर ३. मात्र “आजारापूर्वी किती वेळा जायचात?” हे गर्दीच्या ओपीडीत विचारायला दोन मिनिटे लागतात आणि ती दोन मिनिटे बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत.

आणि आकडा खरा असतो का? सार्वजनिक शौचालय वापरणारी बाई रात्री बाहेर पडावे लागू नये म्हणून संध्याकाळी जेवतच नाही. बांधकामावरचा तरुण दुपारपर्यंत पोटात काही ढकलत नाही. डॉक्टरांना दोघेही “तीनदा” सांगतात. कागदावर आजार सौम्य दिसतो, कारण खेपा उपाशी राहून कमी केलेल्या असतात. आमच्या मते हा वैद्यकाइतकाच समाजशास्त्राचाही प्रश्न आहे.

मेयो स्कोअर आणखी एक गोष्ट विचारत नाही : घाई. कळ आली की किती मिनिटे थांबता येते? रात्री झोपेतून उठावे लागते का? १९९८ च्या एका साध्या निर्देशांकात हे दोन्ही प्रश्न आहेत आणि त्याला दुर्बीण किंवा रक्ततपासणी लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे रक्त थांबून वर्ष झाले, पण तो ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येत नाही. रांगेत कळ आली तर कुठे जायचे, ही भीती. घरचे म्हणतात, बरा झाला. हे बरे होणे म्हणता येणार नाही.

आता आतली बाजू. लक्षणे थांबली तरी अस्तरावर सूज उरलेली असू शकते आणि अशा रुग्णांत आजार उलटण्याचा धोका जास्त असतो. म्हणून दुर्बिणीने पाहणे आवश्यक ठरते. दर वेळी दुर्बीण शक्य नसते, तेव्हा शौचाच्या नमुन्यातले कॅलप्रोटेक्टिन मोजतात. हे पांढऱ्या पेशींतले प्रथिन, आतड्यात सूज असली की वाढते. लक्षणे नसलेल्या रुग्णात ते ग्रॅममागे १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर बहुतेकदा धीर धरता येतो. मात्र जुलाबाच्या संसर्गाने किंवा अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही ते वाढते, त्यामुळे एकट्या आकड्यावर घाबरू नये. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता. २०२० च्या जूनमध्ये नेहमीच्या तपासणीत आजार उलटण्याची चिन्हे आढळली. प्रकृती खालावली ती जुलैच्या मध्यावर, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी राजीनामा जाहीर केला.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत उपचाराची दूरची उद्दिष्टे स्पष्ट आहेत : अस्तर भरून येणे, आणि त्यासोबत रुग्णाचे जगणे पूर्ववत होणे, अपंगत्व न उरणे. म्हणजे त्या तरुणाचे चैत्यभूमीला येता न येणे हेही उपचाराच्या हिशेबात धरायचे आहे. डॉक्टरांना ते सांगायला लाजू नये.

औषधांबद्दल थोडेसे. स्टेरॉइडने सूज झपाट्याने उतरते, पण ते आजार कायम शांत ठेवत नाही आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे, साखर, डोळे यांवर परिणाम होतो. स्टेरॉइडच्या आधारावर टिकलेली शांतता रेमिशन मानत नाहीत. ते मनानेच एकदम बंद करणेही धोक्याचे, डोस डॉक्टरांनीच उतरवायचा असतो. सौम्य ते मध्यम आजारात मेसालामाइनसारखी गोळी लक्षणे नसतानाही चालू ठेवावी लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ही गोळी नीट न घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. महिन्याचा खर्च परवडत नसेल तर खेपा चुकवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

एक मोजमाप मात्र कार्यकर्त्यांनी पाठच करावे. ट्रुलव्ह आणि विट्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५५ मध्ये मांडलेले निकष थोड्याफार फरकाने आजही वापरात आहेत. दिवसात रक्तासह सहा किंवा जास्त खेपा, आणि सोबत नाडी मिनिटाला ९० च्या वर, ताप सुमारे १०० फॅरनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर, यांतले एक जरी असेल तरी तो तीव्र झटका समजावा. घड्याळ आणि थर्मामीटर असले की यातले बरेचसे घरीच कळते. अशा वेळी उद्याच्या ओपीडीची वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात भरती करावे लागते.

ज्यांचा आजार जुना आहे त्यांनी तारीख लिहून ठेवावी. लक्षणे सुरू होऊन आठ वर्षे झाली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची असते, तब्येत उत्तम असली तरीही. पुढची केव्हा करायची, हे त्या तपासणीत काय दिसते आणि घरात कोणाला हा कर्करोग झाला होता का, यावर ठरते.